आजीचे हातमशीन : जपणूक आणि उपयोग

शिवणयंत्र हा काय अभ्यासाचा विषय आहे, असे दोघा-तिघा मित्रांनी मला विचारले. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पारोळ्याचा भुईकोट किल्ला उभा राहतो. पण इतिहास घराच्या माळ्यावरही असतो, एवढेच त्यांना सांगावेसे वाटते.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या माळ्यावरून कमानदार झाकणाची एक लाकडी पेटी खाली आली. भंगारवाला दारात होताच. त्याने पेटी उचलून पाहिली आणि लोखंडाच्या वजनाने भाव सांगितला. वडील देऊन टाकायला तयार होते. आजी काही बोलली नाही. तिने फक्त झाकणावरून हात फिरवला. आजोबा गेल्यानंतर याच यंत्रावर लोकांच्या चोळ्या, परकर आणि मुलांचे गणवेश शिवून तिने तीन लेकरे वाढवली होती. मी वडिलांकडे महिन्याची मुदत मागितली. त्या महिन्यात जे वाचले आणि जे हातांनी केले, ते येथे मांडत आहे.

यंत्राचा जन्म

फ्रान्समधील बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याने १८३० मध्ये शिवणयंत्राचे पेटंट घेतले. त्याच्या कारखान्यात सैनिकांचे गणवेश शिवले जात. आपली रोजी जाईल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी ती यंत्रे मोडून टाकली. पुढे अमेरिकेत एलियास हाउ याने १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये पेटंट मिळवले.

यातील मुख्य युक्ती साधी, पण विलक्षण आहे. हाताच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते, तर यंत्राच्या सुईचे नेढे अणीजवळ असते. सुई कापडातून खाली जाऊन वर येऊ लागली की दोऱ्याचा एक लहानसा फास तयार होतो. त्या फासातून खालचा दोरा घेऊन शटल निघून जाते. दोन्ही दोरे कापडाच्या मध्यभागी एकमेकांत अडकतात. म्हणून हा टाका एका ठिकाणी तुटला, तरी साखळीच्या टाक्यासारखा सरसर उसवत नाही.

यंत्र महाग होते. सिंगर कंपनीने १८५६ पासून ते हप्त्यांवर देण्यास सुरुवात केली आणि मगच ते सामान्यांच्या घरात शिरले.

न शिवलेल्या वस्त्रांच्या मुलखात

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगरचा हिंदुस्थानातील कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ पाहत असत. त्यांच्यापुढची अडचण उघड होती. धोतर, लुगडे, उपरणे, पागोटे नेसणाऱ्या-बांधणाऱ्या लोकांना शिवणयंत्र हवे कशाला? १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये पारोळ्याच्या व्यापाराचे जे जिन्नस दिले आहेत, त्यांत गुरे, कापूस आणि धान्य यांबरोबर लुगडीही आहेत. म्हणजे आपले गाव कापड विकणारे होते, पण ते कापड सुईवाचूनच अंगावर चढत होते.

पुढे सदरा, कोट, पोलके, परकर आणि शाळेचा गणवेश आला, तसे यंत्राला काम मिळाले. आधी ते पेठेतल्या शिंप्यांच्या ओट्यावर गेले आणि नंतर घरात आले. घरात आले, तेव्हा त्याने बाईच्या हाती दोन पैसे दिले. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी स्त्रियांना शिवणकाम शिकवले, त्यामागे हाच विचार होता. यंत्रयुगावर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ मधील एका संभाषणात सिंगरच्या यंत्राला अपवाद मानले होते. ते माणसाचे कष्ट वाचवते, माणसाला निकामी करत नाही, असा त्यांचा आशय होता. १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्र काढले आणि देशी यंत्रही मिळू लागले.

जुने यंत्र कसे ओळखावे

आमचे यंत्र आजोबांनी अमळनेरहून जुनेच आणले होते. त्याच्या बैठकीवर क्रमांक कोरलेला आहे. सिंगरने १९०० पासून क्रमांकाआधी इंग्रजी अक्षर घालण्याची पद्धत सुरू केली. आमच्या यंत्रावर ‘एफ’ हे अक्षर आहे. त्यावरून ते स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील किलबोवी कारखान्यात पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे तयार झाले, असे ठरते. तो प्रचंड कारखाना १९८० मध्ये बंद पडला. यंत्र मात्र पारोळ्यात शाबूत आहे.

त्याचे शटल बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे असून ते मागेपुढे झुलते. नंतरच्या ‘९९’ या लहान यंत्रात गोल बॉबिन आली. १९३३ मध्ये अॅल्युमिनियमचे ‘फेदरवेट’ निघाले. त्याचे वजन अवघे पाच किलोच्या आसपास होते. आमचे बिडाचे यंत्र मात्र उचलायला दोन्ही हात लागतात.

जुने यंत्र घेणाऱ्याने रंग आणि सोनेरी नक्षी मागाहून पाहावी. प्रथम चाक फिरते का, हे पाहावे. शटल आणि त्याची बॉबिन जागेवर आहे का, हे पाहावे, कारण ती हरवली तर उरते ते नुसते शोभेचे लोखंड. आणि अफवांपासून दूर राहावे. या यंत्रांत ‘लाल पारा’ असतो, अशी हूल २००९ मध्ये सौदी अरेबियात उठली आणि लोकांनी भलत्याच किमती मोजल्या. असा काही पारा यंत्रात नसतो.

दुरुस्ती आणि वापर

आमचे यंत्र पूर्ण जाम झाले होते. कोणीतरी पूर्वी त्यात खाण्याचे तेल घातले होते. असे तेल हवेने चिकट होऊन डिंकासारखे बसते. मी सांध्यांत थोडे रॉकेल सोडले, रात्रभर थांबलो आणि चाक हळूहळू हलवले. जोर केला नाही. चौथ्या दिवशी ते पूर्ण फिरले. मग रॉकेल पुसून प्रत्येक छिद्रात मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दिला. दात्यांखाली साचलेली कापसाची लव दाभणाने काढली. नक्षीला स्पिरिट लावू नये, कारण त्याने वरचा लेप विरघळतो. मऊ फडके आणि एक थेंब तेल पुरते.

सुई नवी घालावी. ती आजही बाजारात मिळते. टाका तपासताना वर एका रंगाचा आणि खाली दुसऱ्या रंगाचा दोरा घ्यावा. खालचा रंग वर दिसला तर वरचा ताण जास्त आहे. कापडाखाली वरच्या दोऱ्याची गुंतवळ झाली तर तो कमी आहे. उजव्या हाताने दांडा फिरवायचा असल्याने कापड एकट्या डाव्या हाताने सांभाळावे लागते. वेग कमी असतो, म्हणून शिकणाऱ्याला हेच यंत्र उत्तम. वीज गेली तरी काम थांबत नाही, हे आपल्या भागात वेगळे सांगायला नको.

जपावे की वापरावे?

यंत्र सुरू झाल्यावर वडील म्हणाले, “आता दिवाणखान्यात ठेवू, शोभेल.” मलाही क्षणभर ते पटले. आजी मात्र आमच्या अहिराणीत म्हणाली, “मशीन बसनं, ते गंजनं.” वस्तू जपायची म्हणजे तिला काचेत ठेवायची, असे आपण धरून चालतो. पण शिवणयंत्राचा जीव त्याच्या फिरण्यात आहे. चालते ठेवले तरच त्यातील तेल वाहते आणि ते चालवण्याची विद्याही पुढच्या हातात जाते. यंत्र उरले आणि ती विद्या गेली, तर आपण अर्धीच वस्तू जपली.

आजीला आता सुईत दोरा ओवता येत नाही, डोळे साथ देत नाहीत. मी शिवायला बसतो तेव्हा ती शेजारी बसून नुसती ऐकते. परवा मी पिशवी शिवत होतो. ती म्हणाली, “थांब, वरचा दोरा ताणला आहे.” मी कापड उलटून-सुलटून पाहिले. खालचा लाल दोरा खरोखरच वर दिसत होता. हे कोणत्याही पुस्तकात मला मिळाले नव्हते.

मित्रांनो, आपल्या घराच्या माळ्यावर अशी एखादी पेटी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी ती उघडून पाहा. आणि ती चालवणारे माणूस घरात असेल, तर आधी त्याच्यापाशी जाऊन बसा.