डिस्चार्ज मिळाला, पण घरी कधी?

गेल्या वर्षी मावशीला हॉस्पिटलमधून घरी आणायचं होतं. सकाळी दहाला डॉक्टर म्हणाले, "आज सोडतो." आम्ही बाहेर पडलो संध्याकाळी पाचला. मावशी साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली आणि मी काउंटरवर फेऱ्या मारतेय. दर वेळी एकच उत्तर, "फाईल वर गेलीय." वर म्हणजे कुठे, ते कुणालाच सांगता येईना.

हॉस्पिटल प्रशासन हा विषय मी त्या चिडीतून वाचायला घेतला. त्या सात तासांत बरंच काही घडत असतं. निवासी डॉक्टर डिस्चार्ज समरी लिहितात, उरलेली औषधं फार्मसीत परत जातात, लॅबचे राहिलेले आकडे बिलात चढतात, मग अंतिम बिल विमा कंपनीकडे जातं. 2024 मध्ये आयआरडीएआय या विमा नियामकाने ठरवून दिलं, की हॉस्पिटलची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत कंपनीने मंजुरी द्यावी, नाहीतर उशिरामुळे वाढलेला खर्च तिने सोसावा. पण हॉस्पिटलमधून विनंतीच दुपारी दोनला गेली तर? समरी आदल्या संध्याकाळीच तयार ठेवायची सवय वॉर्डाला लावणं, हे प्रशासकाचं काम.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. दिल्लीच्या एम्समध्ये या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण एमबीबीएस झालेल्यांसाठी आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत मात्र एमएचए या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला कुठल्याही शाखेचे पदवीधर अर्ज करू शकतात. म्हणजे आपण बी.ए.वालेसुद्धा! हिशेब आणि संख्याशास्त्र मात्र चुकवता येत नाही. (मी सध्या भावाचं बारावीचं पुस्तक घेऊन बसलेय.) सुरुवात बहुधा बिलिंग, विमा डेस्क किंवा गुणवत्ता विभागातून होते.

आपल्या उपयोगाची जागा मला दिसली ती संमतीपत्रात. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेल्या एका प्रकरणात, तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचं गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले होते. संमती घेतली होती तिच्या आईची. रुग्ण सज्ञान होती, जिवावर बेतलेलं नव्हतं, म्हणून न्यायालयाने ती संमती मानली नाही. रुग्णाला नीट माहिती देऊन, त्या विशिष्ट उपचारासाठी घेतलेली संमतीच खरी, असं निकालात आहे.

मावशीचं संमतीपत्र इंग्रजीत होतं. तिने खाली मराठीत सही केली. आमच्या बेळगावात पेशंट मराठी, कन्नड, कोकणी बोलतात, कुणी कुणी तिन्ही मिसळून. त्यांना समजेल असा कागद कोण लिहिणार?

मी तो फॉर्म मराठीत लिहायला घेतलाय. 'कॉम्प्लिकेशन'ला 'गुंतागुंत' लिहिलं आणि मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "गुंता दोऱ्याचा होतो गं. माझ्या पोटात काय होणार होतं ते लिही."

ती ओळ अजून खोडतेय.