माळवदी घरांची रांग : एक अभ्यास

स्थापत्य म्हटले की आपण वेरूळ-दौलताबादकडे धावतो. परंतु आपल्या जालना जिल्ह्यातील जुन्या गल्ल्यांतील माळवदी घरांची रांगही अभ्यासण्याजोगी आहे, असे मला वाटते. दोन घरांत भिंत एकच, सामाईक. माळवदेही लागून, बायका वाळवण घेऊन वरूनच शेजारी जातात.

काळ्या दगडाची ही भिंत दोन हातांपर्यंत जाड असते. वास्तविक ते दोन पदर असून मध्ये गोटे व चिखल भरलेला असतो. छताचा भार बहुधा लाकडी खांब-तुळयांवर येतो. खांबांमधील अंतर म्हणजे खण. घर मोजायचे ते खणांवर. तुळयांवर किलचन, त्यावर पाला व शेवटी गावठाणातील पांढरी माती. ती पाणी सहसा झिरपू देत नाही. पावसाळ्यापूर्वी नवा थर देतात, त्यामुळे घर थंड राहते, पण छत जड होत जाते.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच घरांखाली हजारो माणसे गेली. दोन पदरांना आरपार बांधणारे दगड नसल्याने भिंती फुटल्या. लाकडी सांगाडे मात्र पुष्कळ ठिकाणी उभे राहिले. तेव्हा सगळा दोष दगडाच्या माथी मारणे मला पटत नाही.

आज स्लॅबसाठी रांगेतील एक घर पाडले जाते आणि शेजाऱ्याची सामाईक भिंत उघडी पडते. पावसाने तिच्यातील चिखल वाहू लागतो. आधार कोणी द्यायचा, हा वाद आमच्या गल्लीत अद्याप मिटलेला नाही.