कवडशाची करामत

कौलारू घरात भर दुपारी एक मौज पाहावयास मिळते. खोलीत काळोख असतो आणि कौलांच्या फटीतून उन्हाची तिरीप जमिनीवर उतरलेली असते. त्या तिरिपेत धुळीचे असंख्य कण तरंगताना दिसतात. वास्तविक धूळ साऱ्या खोलीत पसरलेली असते. पण कवडशाबाहेर एकही कण दृष्टीस पडत नाही. यात आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा आपल्या ध्यानात येत नाही. कवडसा काही आपल्या डोळ्यांत शिरत नाही. तो सरळ जमिनीकडे जातो. कणावर आदळून जो थोडासा प्रकाश बाजूला उडतो, तेवढाच आपल्यापर्यंत पोहोचतो. प्रकाशाच्या या विखुरण्याला शास्त्रात विकिरण म्हणतात.

मग हवेत धूळ मुळीच नसेल तर काय दिसेल? जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने १८७० नंतरच्या दशकात लंडन येथे हे करून पाहिले. एका बंद पेटीच्या आतील बाजूंना त्याने ग्लिसरिनचा चिकट लेप दिला. काही दिवसांत पेटीतील धूळ खाली बसली व लेपाला चिकटून राहिली. नंतर त्याने पेटीच्या समोरासमोरील काचांतून प्रखर प्रकाशाचा झोत सोडला. बाहेरच्या धुळकट हवेत झोत स्पष्ट दिसत होता; पेटीत शिरताच तो नाहीसा झाला आणि पलीकडे बाहेर पडताच पुन्हा दिसू लागला! पेटीतील काळोख हाच तेथील हवा निर्मळ असल्याचा पुरावा होता. अशा पेटीत ठेवलेले उकळलेले रस दीर्घकाळ नासलेही नाहीत.

टिंडलची ही युक्ती आज एका निराळ्याच ठिकाणी उपयोगी पडते. संगणकातील व दूरध्वनीतील चिप ज्या पदार्थावर घडवितात, ती सिलिकॉनची पातळ चकती असते. कारखान्यात तिला वेफर म्हणतात. हे नाव ऐकून बटाट्याचे काप आठवले, तर त्यात नवल नाही. पण ही चकती ३०० मिलिमीटर व्यासाची, एक मिलिमीटरहूनही पातळ आणि आरशासारखी लखलखीत असते. एका चकतीवर शेकडो चिप तयार होतात. चिपमधील रेषा इतक्या बारीक असतात, की एखादा क्षुद्र कणही त्यांतील एक तोडू शकतो, किंवा दोन वेगळ्या रेषा जोडून टाकू शकतो. चकतीवर एकामागून एक शेकडो क्रिया कराव्या लागतात व त्यांत कित्येक आठवडे जातात. कण आरंभीच सापडला, तर चकती धुऊन काम भागते. शेवटी सापडला, तर तेवढ्या चिपवरील सारे श्रम व्यर्थ जातात.

पण हा कण शोधावा कसा? पूर्वी कामगार अंधाऱ्या खोलीत प्रखर दिव्याखाली चकती तिरपी धरून न्याहाळीत असत. ती मोठी चिकाटीची माणसे होती यात शंका नाही. परंतु डोळे थकतात, आणि कण तर दिवसेंदिवस अधिक लहान शोधावे लागू लागले. ३० नॅनोमीटरचा कण म्हणजे केवढा? चकती ३,००० किलोमीटर रुंद, म्हणजे जवळजवळ काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पसरली आहे अशी कल्पना करा. त्या मानाने हा कण फक्त एक फुटाचा होईल!

येथे लेसर मदतीस आला. थिओडोर मेमन याने १९६० साली अमेरिकेत पहिला लेसर प्रज्वलित केला. लेसरचा किरण अतिशय तीव्र असतो आणि तो एका बारीक ठिपक्यात एकवटता येतो. तपासणी यंत्रात चकती गरगर फिरते आणि हळूहळू एका बाजूस सरकते. त्यामुळे, ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई फिरावी त्याप्रमाणे, प्रकाशाचा ठिपका साऱ्या चकतीवरून फिरतो. चकती स्वच्छ असेल, तर किरण आरशावरून परतावा तसा एकाच दिशेने निघून जातो. यंत्राचा डोळा मुद्दामच त्या वाटेवर ठेवलेला नसतो. त्याला काळोखच दिसतो. कण आला, की प्रकाश विखुरतो आणि काळोखात क्षणभर चमक उठते.

मात्र ही चमक फार दुबळी असते. लॉर्ड रॅले याने १८७१ साली विकिरणाचे जे गणित मांडले, ते येथे मोठे कठोर ठरते. प्रकाशाच्या तरंगलांबीहून पुष्कळ लहान असलेल्या कणाचा व्यास निम्मा झाला, तर विखुरलेला प्रकाश निम्मा होत नाही. तो चौसष्टावा भाग उरतो! सुदैवाने त्याच गणितात एक उपायही आहे. तरंगलांबी निम्मी केली, तर प्रकाश सोळापट विखुरतो. म्हणून अशा यंत्रांत हिरव्या प्रकाशाऐवजी डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण वापरू लागले.

यंत्राला कणाचा आकार दिसत नाही, त्याला केवळ चमक कळते. म्हणून प्रथम ठाऊक व्यासाचे सूक्ष्म गोळे स्वच्छ चकतीवर पसरून, कोणता गोळा किती चमकतो ते यंत्राला शिकवून ठेवावे लागते. ओरखड्याची चमक आणखी निराळी. कण बहुतेक सर्व दिशांना प्रकाश उधळतो, तर ओरखडा मुख्यतः आपल्या लांबीशी काटकोनात. याकरिता निरनिराळ्या बाजूंना अनेक प्रकाशमापक बसवितात. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण कण धुता येतो, ओरखडा धुता येत नाही.

संगणकाच्या चुंबकीय तबकड्याही याच रीतीने तपासतात. त्यांच्यावरून माहिती वाचणारे टोक अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून जाते. तेवढा उंचवटाही त्याच्या वाटेत आडवा येतो.

तपासणी संपली, की पडद्यावर चकतीचा नकाशा उमटतो. त्यावर ठिपके विखुरलेले असतील, तर ती बहुधा कोठून तरी आलेली धूळ होय. ते कमानीसारखे एका ओळीत आले, की जाणता कारागीर झिलई देणाऱ्या यंत्राकडे वळतो व तेथे एखादा टणक कण अडकला आहे काय ते शोधू लागतो.