काजूत शिरण्याआधी

बाबू, काजूच्या हंगामाला मुंबईहून आलास, बरं केलंस. पण बागेत शिरण्याआधी ऐक. साप दिसतो, गवा दिसतो. दोडामार्गात या दिवसांत जपायचं ते गोचिडीला. तिच्या चाव्यातून होणारा आणि शिमोग्याच्या क्यासनूर रानात १९५७ साली सापडलेला माकडताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीतल्या पाली गावात आणि २०१६ मध्ये आपल्या केरमध्ये आला. माणसाला बहुतेक वेळा चावतात ती गोचिडीची पिल्लं, डोळ्यांना जेमतेम दिसणारी. डिसेंबर ते मे त्यांचा जोर, आणि बोंडू गोळा करायचे दिवसही तेच.

कपडे फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे घाल म्हणजे चढलेली गोचीड दिसेल. पँटीचे पाय मोज्यांत खोच. आरोग्य केंद्रातून गोचीड दूर ठेवणारं तेल मिळतं, ते हातापायांना लाव. भाकरी खायला कातळ बघून बस, पातेऱ्यावर टेकू नको. रानातला पातेरा या महिन्यांत गोठ्यातही आणू नको.

घरी आलास की कपडे थेट कढत पाण्यात. साबण लावून आंघोळ करताना काखा, जांघा, बेंबी, कानामागे, गुडघ्यांमागे बोटं फिरव. गोचीड चिकटलेली दिसली तर रॉकेल, चुना, पेटती काडी काही नको. डिवचली की पोटातली घाण ती आपल्याच अंगात ओकते. बारीक चिमट्याने कातडीलगत धर आणि सरळ ओढ. नखाने चिरडू नको. मग जागा साबणाने धू.

गोठ्याकडेही बघ. माकडतापाने गाय आजारी पडत नाही, पण तिच्या रक्तावर गोचीड पोसते. रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढी झालेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते. म्हणून नुसती गुरं फवारून भागत नाही, भेगाही फवाराव्या लागतात; औषध किती, ते गुरांच्या डॉक्टरला विचारून. जर्सीला थायलेरिया लवकर धरतो: सणसणीत ताप, खांद्यापुढच्या गाठी सुजलेल्या. लघवी लाल झाली तर बबेसियाची शंका घ्यायची. दोन्ही गोचिडीचीच देणगी. अशा वेळी दृष्ट काढत बसू नको, डॉक्टरला बोलाव.

रानात मेलेलं माकड किंवा वांदर दिसलं तर लांब राहा, कुत्र्यालाही आवर. अंग थंड पडलं की त्यावरच्या गोचिडी उतरून नवं अंग शोधतात. वनखात्याला, आरोग्य केंद्राला फोन कर. ते भोवताली पावडर मारतात.

चावल्यावर तीन ते आठ दिवसांत ताप भडकतो, कपाळ ठणकतं, अंग मोडून येतं; कधी नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. काहींचा ताप उतरून आठवड्या-दोन आठवड्यांनी उलटतो आणि मेंदूवर जातो, म्हणून बरं वाटलं तरी गाफील राहू नको. यावर खास औषध नाही. वेळेत दाखल होऊन नीट देखरेख मिळाली तर बहुतेक जण वाचतात. माणसाकडून माणसाला हा ताप लागत नाही, तेव्हा शेजाऱ्याच्या आजारी माणसाला वाळीत टाकू नको.

आणि ताप आलाच तर दुकानातल्या गोळ्यांवर दिवस काढू नको. रक्त तपासायला जा आणि डॉक्टरने विचारायची वाट न बघता आधी सांग, “मी काजूत जात होतो.”