'येताना भरून निघेल' म्हणू नकोस

अगं, परवा फोनवर किती सहज म्हणालीस, "ताई, जाताना वारा समोरून असला तर असू दे, येताना तोच पाठीशी. फिट्टंफाट!" फिट्टंफाट होत नाही गं. वही काढ बघू.

विमान हवेतून 120 नॉटने जातंय, गाव 90 नॉटिकल मैलांवर. वारा पडलेला असेल तर जाऊन-येऊन दीड तास. आता समोरून 30 नॉटचा वारा घे. ग्राउंडस्पीड उरला 90, म्हणजे जायलाच अख्खा तास. येताना 150 मिळाला, 36 मिनिटं. झाली ना 96? नडणाऱ्या वाऱ्यात तू जास्त वेळ असतेस, साथ देणाऱ्यात कमी. मग भरून निघणार कसं? वारा नुसता बगलेतून आला तरी सुटका नाही. नाक त्याच्याकडे वळवून ठेवावं लागतं आणि 120 चे 116 होतात, जातानाही आणि येतानाही.

आणि इंधन? नकाशावर जाताना 90 मैल दिसले, पण हवेतून तू कापलेस 120. इंजिन त्या 120 चं पितं. नकाशाशी त्याला काय देणंघेणं!

'स्टार डस्ट'बद्दल वाच. 2 ऑगस्ट 1947, ब्युनोस आयर्सहून सँटियागोला निघालेलं ब्रिटिश विमान. अँडीज ढगात बुडालेला, खालचं काही दिसेना, म्हणून ते उंच चढले. तिथं बहुधा समोरून जेट स्ट्रीम भिडला. तेव्हा त्याची फारशी कुणाला माहिती नव्हती. घड्याळाच्या हिशेबानं डोंगर मागे पडले होते, जमिनीवर मात्र ते अजून पुढ्यातच होते. उतरायला लागले आणि तुपुंगातोवर आदळले. अकराच्या अकरा गेले. अवशेष हिमनदीतून वर आले ते थेट 1998 मध्ये.

जीपीएस आहे, माहितीये मला. तरी पहिली खूण 30 मैलांवर ठरव. नदीवरचा पूल, रेल्वेचा फाटा, काहीही. पंधराव्या मिनिटाला यायची ती विसाव्याला आली, तर पुढच्या सगळ्या वेळा तिथंच बदल आणि इंधन पुन्हा मोज. पुरत नसेल तर लाजू नकोस, सरळ मागे वळ. परतताना वारा पाठीशी असतो.