कुटुंबपाठ : वाढत्या मुलांची शिस्त

वाचन : नीतिसूत्रे १३:२४, १ शमुवेल २:२२–२५ व ३:१३, इफिसकरांस पत्र ६:१–४

ऊर्जानगराच्या वीजकेंद्राभोवती व ताडोबाच्या रानाच्या कडेस राहणाऱ्या आईबापांस मुलांचे आज्ञापालन ही केवळ शोभेची गोष्ट नव्हे. सन २०२२ च्या फेब्रुवारी महिन्यात ह्या केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराचा प्राण घेतला, आणि त्याच आठवड्यात जवळच्या दुर्गापुरात बिबट्याने सोळा वर्षांच्या एका मुलास ठार केले. पहाटे मोह वेचावयास आईबरोबर मूल जाते, तेव्हा “थांब” म्हणताच ते थांबले पाहिजे. असे आज्ञापालन मुलाच्या अंगी कशाने येते, ह्याचा ह्या पाठात विचार करू.

१. आज्ञा थोड्या व खऱ्या असाव्यात. ज्या मुलास दिवसभरात पन्नास वेळा “हे करू नको, तिकडे जाऊ नको” असे ऐकावे लागते, त्याचे कान सायंकाळच्या हाकेसही बधिर होतात. कित्येक आया लेकराने जेवावे म्हणून “वाघ येईल” असे भय घालतात. वाघ येत नाही, व आईचा शब्द खोटा असतो हे लेकरू शिकते. मग वाघ खरोखर जवळ असेल त्या दिवशी आईने कोणत्या शब्दाने त्यास आवरावे? म्हणून तिन्हीसांजेस घरी येणे, विस्तवापासून व विळ्यापासून दूर राहणे, खोटे न बोलणे, अशा मोजक्याच आज्ञा कराव्या. परंतु त्या आज एक व उद्या दुसऱ्या असू नयेत. आईने “नाही” म्हटले ते बापाने “असू दे” म्हणून मोडू नये.

२. वय पाहून शिस्त लावावी. दोन वर्षांच्या बाळास सांगितलेले स्मरणात राहत नाही. त्यास मारण्यापेक्षा विळा उंच ठेवणे बरे. तीन ते सहा वर्षांच्या मुलास मोठ्यांसारखे काम करण्याची हौस असते. ताराबाई मोडक ह्यांनी सन १९४५ त बोर्डी येथे खेड्यातील बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व अनुताई वाघ ह्यांच्या साहाय्याने पुढे सन १९५७ त ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच पाड्यांतील अंगणांत नेली, तीच अंगणवाडी. बक्षिसाचा लोभ व शिक्षेचे भय ही दोन्ही टाळून मुलांस स्वच्छता व नीटनेटकेपणा शिकवावा, ही त्यांची रीत होती. तेव्हा आपल्या लेकरासही लहान झाडणी द्या, पाण्याचा लहान गडवा द्या.

सात वर्षांपुढे मुलास कारण सांगावे, व चुकीची भरपाई त्याच्याच हातून करवावी. पाणी सांडले तर त्यानेच पुसावे. शेजाऱ्याची वस्तू मोडली तर आईबापांबरोबर जाऊन त्यानेच क्षमा मागावी. तेरा वर्षांपुढील मुलास चारचौघांत कधी अपमानू नये. एकांतात बोलावे, व घरच्या कामांत त्याचेही मत विचारावे.

३. एलीचे उदाहरण. एलीने आपल्या मुलांस मुळीच दोष दिला नाही असे नाही. परंतु तो फार वृद्ध झाला, मुले प्रौढ झाली व सर्व लोकांत बोभाटा झाला, तेव्हा तो बोलला. आणि केवळ बोलला, आवरले नाही. रोप कोवळे असता जो टेकू देत नाही, त्यास पुढे झाड वाकविता येत नाही.

४. काठीचा अर्थ. नीतिसूत्रांतील छडीचे वचन पुष्कळांस तोंडपाठ असते. तथापि तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या ज्या काठीने धीर येतो, तिच्यासाठीही मूळ इब्री भाषेत तोच शब्द आहे. त्या काठीने मेंढपाळ वाट दाखवितो व श्वापद हाकलितो. कोकराची हाडे मोडीत नाही. पौलानेही मुलांस आज्ञापालन सांगून लागलीच बापांस बजाविले आहे की, त्यांनी मुलांस चिडवू नये. जो बाप रागाच्या अथवा दारूच्या भरात मारतो, त्याची मुले पाप ओळखावयास शिकत नाहीत. ती बापाचे तोंड ओळखावयास, व त्याच्यापासून लपावयास शिकतात. आणि लपणारे मूल संकटात हाकेस ओ कसे देईल? शाळेत मुलास मारणे अथवा त्याचा मानसिक छळ करणे, हे सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने वर्ज्य केले आहे. जे गुरुजींस वर्ज्य, ते घरी चालावे काय?

मंडळीत विचारावयाचे प्रश्न :
(१) आपल्या घरी मुलांस कोणत्या आज्ञा आहेत? मुलांनाच विचारून मोजा.
(२) गेल्या आठवड्यात घातलेला कोणता धाक आपण खरा केला नाही?
(३) अपराध कबूल करणाऱ्या मुलास आपल्या घरी काय मिळते?

शिक्षकबंधूंनी हा पाठ बापांच्याही समक्ष घ्यावा. केवळ आयांस सांगून तो पुरा होत नाही.