टॉवेलच्या गावात कापडाची रक्तवाहिनी

प्रश्न : मी अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करतो. माझ्या सासऱ्यांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती. ऑपरेशन करून डॉक्टरांनी तिथे पॉलिस्टरच्या कापडाची नळी बसवली, असे आम्हाला सांगितले. आमचा जन्म कापडात गेला. कापडातून पाणी झिरपते हे आम्ही रोज पाहतो. मग या नळीतून रक्त गळत कसे नाही? आणि माणसाच्या अंगात कापड घालावे हे सुचले तरी कुणाला?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : गळते. निदान सुरुवातीला तरी गळते, आणि थोडे गळावे अशीच या नळीची रचना बरीच वर्षे मुद्दाम ठेवली जात होती. किती गळू द्यायचे, यावर सर्जन आणि कापडातले जाणकार यांनी मिळून जे डोके चालवले, तोच या संशोधनाचा गाभा आहे.

आधी सुरुवात सांगतो, कारण ती आपल्यासारख्याच एका कापडाच्या शहरात झाली. फ्रान्समधले लिआँ हे रेशमाचे शहर. १८९४ साली तिथे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांवर सुरीहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली आणि ते दगावले, कारण तुटलेली रक्तवाहिनी शिवता येते यावर त्या काळी कुणाचा भरवसा नव्हता. तिथल्याच आलेक्सी कारेल या तरुण डॉक्टरने हे मनावर घेतले. तो चक्क भरतकाम करणाऱ्या एका बाईंकडे बारीक सुई आणि रेशमी धागा चालवायला शिकला. रक्तवाहिनीच्या तोंडाला तीन ठिकाणी टाके घेऊन ते त्रिकोणासारखे ताणायचे आणि मग कडेकडेने शिवत जायचे, ही त्याची रीत १९०२ साली प्रसिद्ध झाली. १९१२ साली त्याला नोबेल मिळाले. आजचे सर्जनही मुळात त्याच रीतीने शिवतात.

शिवणे जमले, पण वाहिनीचा मोठा तुकडाच खराब झाला तर त्या जागी काय लावायचे? मृत व्यक्तीची वाहिनी, काचेची नळी, धातूची नळी असे सगळे करून झाले होते. १९४७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आर्थर व्हूरीज या शिकाऊ सर्जनला एका कुत्र्याच्या हृदयाच्या कप्प्यात आधीच्या प्रयोगातला रेशमी टाका सापडला. रक्तात लोंबकळणाऱ्या त्या धाग्यावर गुठळी नव्हती, गुळगुळीत चकचकीत थर चढला होता. एका धाग्यावर शरीर असे अस्तर चढवत असेल, तर धाग्यांच्या कापडावरही चढवील, असा तर्क त्याने केला. पॅराशूटसाठी वापरले जाणारे व्हिन्यॉन-एन नावाचे कृत्रिम कापड घेऊन त्याने नळ्या शिवल्या आणि त्या कुत्र्यांच्या महाधमनीत, म्हणजे शरीरातल्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीत, बसवल्या. १९५२ साली त्याने सहकाऱ्यांसह हे प्रसिद्ध केले. १९५४ सालापर्यंत अशा नळ्या बसवलेल्या १८ रुग्णांची हकिगत छापून आली होती.

पॉलिस्टर आले ते ह्यूस्टनचे सर्जन मायकेल डिबेकी यांच्यामुळे. ते दुकानात नायलॉन घ्यायला गेले होते. नायलॉन संपले होते, म्हणून दुकानदाराने डेक्रॉन हे नवे पॉलिस्टर कापड दाखवले. डिबेकींनी ते घेतले आणि बायकोच्या शिलाई मशीनवर नळ्या शिवल्या. नंतर फिलाडेल्फियातल्या थॉमस एडमन या कापडतज्ज्ञाने बिनशिवणीची नळी विणणारे यंत्र करून दिले. नायलॉन संपलेले असणे हे मोठेच भाग्य ठरले, कारण शरीरात नायलॉनची ताकद काही काळाने घटत जाते आणि पॉलिस्टरची पुष्कळ वर्षे टिकते. २००५ सालच्या अखेरीस, वयाच्या ९७व्या वर्षी, डिबेकींची स्वतःची महाधमनी फाटली. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या सर्जनने डेक्रॉनचीच नळी बसवली आणि ते आणखी दोन वर्षे जगले.

आता आपला गळतीचा प्रश्न. आपण कारागीर आहात, म्हणून कापडाच्याच भाषेत सांगतो. या नळ्या दोन तऱ्हेच्या असतात. पहिली मागावरच्या विणीची, ताण्या-बाण्याची, आपल्या चादरीसारखी घट्ट. दुसरी होजियरीची, म्हणजे बनियनसारखी फाशाफाशांची. घट्ट विणीतून रक्त कमी झिरपते. पण ती ताठ असते, कापल्यावर कडेचे धागे सुटतात आणि टाके घेताना सुई नीट जात नाही. होजियरीची नळी मऊ, शिवायला सोपी, पण गळकी. शिवाय रक्ताच्या दाबाखाली ती थोडी फुगतेही. मोजमाप असे करतात : कापडाच्या एक चौरस सेंटिमीटर तुकड्यामागे १२० मिलिमीटर पाऱ्याइतक्या दाबाने एका मिनिटात किती मिलिलिटर पाणी पलीकडे जाते ते मापायचे. घट्ट विणीतून ते शंभर-दोनशेच्या आसपास किंवा त्याहून कमी जाते, साध्या होजियरीतून हजाराच्या वर. आपल्याकडे धागे मोजून कापडाची प्रत ठरते, तिथे पाणी मोजून ठरते, एवढाच फरक.

पाणी अजिबात जाणार नाही असे प्लास्टिकच का नाही घेत, असे कुणी विचारील. तसे करून पाहिलेले आहे. गुळगुळीत, बिनछिद्राच्या नळीला शरीर धरून राहत नाही. आतला थर सुटतो, गुठळ्या होतात. छिद्रे असली की बाहेरच्या पेशी धाग्यांच्या मधून शिरून नळीला आवळून धरतात. १९६१ साली वेसोलोव्स्की या सर्जनने तर छिद्रे किती यावरच नळीचे नशीब ठरते, असे ठामपणे मांडले. म्हणून गळती बंद न करता तात्पुरती थोपवायची, असा मार्ग निघाला. हेपारिन हे रक्त न गोठू देणारे औषध देण्याआधी सर्जन रुग्णाचेच थोडे रक्त काढून स्टीलच्या वाटीत घेत आणि नळी त्यात बुडवून, दाबून, पुन्हा बुडवून छिद्रे बुजवत. रक्त पाझरायचे थांबेपर्यंत हे चाले. आता बहुतेक नळ्या कारखान्यातूनच कोलॅजेन किंवा जिलेटिनची खळ देऊन येतात. काही आठवड्यांत शरीर ती खळ विरघळवते आणि तोवर पेशी धाग्यांत शिरलेल्या असतात. आपल्या सासऱ्यांची नळी गळत नाही, ती यामुळे.

आणखी एक गोष्ट आपल्याला नक्की आवडेल. पेशींना धरायला जागा मिळावी म्हणून पुष्कळ नळ्यांच्या पृष्ठभागावर धाग्याचे बारीक लूप उभे ठेवतात. टेरी टॉवेलवर असतात तसेच, फक्त डोळ्यांना जेमतेम दिसतील इतके लहान.

मात्र कारखान्यातले पॉलिस्टर उचलून असे वापरता येत नाही. सुतावरचे तेल, सायझिंग, रंग यांचा कणही राहता कामा नये. आणि हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देते, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटींहून जास्त झटके या कापडाला सोसावे लागतात. सुती धागा इथे चालत नाही. तो पाणी शोषून फुगतो आणि शरीर त्याच्यावर चिडते. ऑपरेशननंतर गॉझचे तुकडे मोजून घेतात, तेही याचसाठी.

प्रश्न : कुत्र्यावर जमले म्हणजे माणसावर जमेलच, असे गृहीत धरणे कितपत शास्त्रीय आहे?
— बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : गृहीत धरणे अजिबात शास्त्रीय नाही, आणि या नळ्यांनीच ते दाखवून दिले. कुत्र्याच्या अंगात कापडाच्या नळीला आतून टोकापासून टोकापर्यंत जिवंत पेशींचे अस्तर चढते. माणसात ते दोन्ही जोडांपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर पुढे सरकते आणि थांबते. मधला भाग वर्षानुवर्षे गोठलेल्या प्रथिनांच्या थरावरच चालतो. महाधमनीसारख्या रुंद वाहिनीत रक्त जोरात वाहते, म्हणून हे खपते. सहा मिलिमीटरपेक्षा अरुंद वाहिनीत नळी गुठळीने बंद पडते. म्हणूनच गुडघ्याखालच्या किंवा हृदयाच्या बायपाससाठी आजही रुग्णाच्याच पायातली शीर काढून वापरतात. अरुंद नळीचा प्रश्न जगात अजून सुटलेला नाही. जो सोडवील तो मोठेच काम करील.

प्राण्यावरून माणसाकडे जाण्याचे आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयातले आहे. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या गटाने सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा अभ्यास केला. त्या हृदयाच्या भिंतीला कप्प्यातूनच थेट रक्त मिळते. मग कुत्र्याच्या हृदयाच्या स्नायूला सुईने छिद्रे पाडून तसा पुरवठा होतो का, हे त्यांनी पाहिले आणि १९६५ साली प्रसिद्ध केले. कल्पना धाडसी होती. पुढे परदेशात लेसरने तीच छिद्रे माणसात पाडून पाहिली, पण ती बुजून जातात असे आढळले. याच गटाने कुत्र्यांवर तालीम करून फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदयरोपण केले. जगातले ते सहावे. रुग्ण सुमारे तीन तास जगला.

माझ्या मते या गटाचे सर्वांत टिकाऊ काम याहून कमी गाजलेले आहे. डॉ. सेन, डॉ. परुळकर आणि विकृतिशास्त्राचे डॉ. किणारे यांनी तरुण रुग्णांची मधेच अरुंद झालेली महाधमनी वर्षानुवर्षे तपासली. शस्त्रक्रियेत पाहिलेले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले आणि शवविच्छेदनात सापडलेले त्यांनी एकत्र ताडून पाहिले. १९६३ साली त्यांनी या विकाराला दिलेले 'मिडल ऑर्टिक सिंड्रोम' हे नाव आज जगभरच्या पुस्तकांत आहे. त्यासाठी एकाही कुत्र्याची गरज पडली नाही. रुग्णाची नोंद नीट ठेवणे हेसुद्धा संशोधनच आहे, आणि ते जिल्ह्याच्या ठिकाणीही करता येते. सोलापूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून उभे आहे. इथे अभ्यासाला मिळणारे आजार मुंबईच्या तोडीचे आहेत.

प्रश्न : माझे मिस्टर ३८ वर्षांचे आहेत. बिडी सुटत नाही. थोडे चालले की पोटरी भरून येते, थांबले की बरे वाटते. आता अंगठ्याची जखम महिना झाला तरी भरत नाही. ही कापडाची नळी बसवून पाय वाचेल का?
— एक भगिनी, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : ताई, निदान तपासल्याशिवाय होत नाही. पण या वयात, बिडी ओढणाऱ्या पुरुषात अशी लक्षणे दिसली की डॉक्टरांच्या मनात आधी बर्जरचा आजार येतो. लिओ बर्जर यांनी १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये कापाव्या लागलेल्या ११ पायांच्या वाहिन्या तपासून त्याचे वर्णन केले. आपल्या देशात तो पुष्कळ दिसतो. यात पोटरी आणि पावलातल्या बारीक वाहिन्या सुजून बंद होतात. नळी जोडायची तर पलीकडे उघडी वाहिनी लागते, आणि इथे तीच शिल्लक नसते. त्यामुळे कापडाची नळी यात सहसा कामाची नाही. मज्जातंतू छेदणे, पोटातली चरबीची झालर पायात नेऊन लावणे, काही औषधे, असे उपाय आहेत. त्यांनी वेदना कमी होते, जखम भरायला मदत होते. पण आजार थांबवणारी एकच गोष्ट पक्की ठरली आहे, ती म्हणजे तंबाखू पूर्ण बंद. कमी करून भागत नाही. मळून खाल्ली, मशेरी लावली, तरी आजार जागा राहू शकतो.

आपल्या वस्तीत कित्येक घरांची चूल विड्या वळण्यावर चालते. त्या कष्टांना मी नावे ठेवणार नाही. पण घरात बिडी हाताशी असते तिथे सोडणे दुप्पट अवघड असते. म्हणून त्यांना एकट्याच्या निग्रहावर सोडू नका. समुपदेशन आणि औषध, दोन्हींची मदत घ्या.

याच आठवड्यात त्यांना सिव्हिलच्या शस्त्रक्रिया विभागात न्या. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे प्रमाण काढा, असे सांगा. ते ०.९ पेक्षा कमी असेल तर पायाचा रक्तपुरवठा कमी आहे. रक्तातली साखरही तपासून घ्या. तोवर जखम कोरडी व झाकलेली ठेवा, अनवाणी चालू देऊ नका, पाय शेकू नका. रक्त कमी असलेल्या कातडीला चटका कळत नाही आणि त्याने बोट जाते. बोट काळे पडू लागले किंवा रात्री झोपू न देणारी कळ सुरू झाली, तर आठवड्याचीही वाट पाहू नका, त्याच दिवशी जा.